प्रावरण घन असेल, तर भूपट्ट सरकतात तरी कसे?

घणसोलीकर (प्रश्न):

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि सध्या भूगोलात पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू आहे. बहुतेक चित्रांमध्ये भूकवचाखालचा भाग तांबडा-नारिंगी रंगवलेला असतो, त्यामुळे खाली लाव्हाचा समुद्र आहे आणि भूपट्ट त्यावर तरंगत आहेत असे वाटते. तिच्या शिकवणीतल्या सरांनी मात्र प्रावरण हे घन खडकाचे असते असे सांगितले. त्यावर तिने मला दोन प्रश्न विचारले. खालचा खडक घन असेल तर भूपट्ट सरकतात कसे? आणि खाली लाव्हा नसेल, तर आमच्या पूर्वेला दिसणारा पारसिकचा डोंगर ज्या लाव्हापासून झाला, तो आला कुठून? वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे पाहिल्यापासून तर खाली लाव्हा आहे याबद्दल तिची खात्रीच आहे. कृपया आठवीच्या मुलीला समजेल, पण चुकीचे सोपेपण येणार नाही, अशा प्रकारे कोणी समजावून सांगावे.

कातळवाट, ठाणे:

सरांनी सांगितले ते बरोबर आहे. भूकवचाच्या तळापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते जवळजवळ संपूर्ण घन आहे. तिथवर कोणी खणून पाहिलेले नाही. रशियातील कोला येथील सर्वांत खोल विवरसुद्धा १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. पुरावा दिला तो भूकंपलहरींनी. प्राथमिक लहरी घन आणि द्रव या दोन्हींतून जातात. दुय्यम लहरींमध्ये मात्र कण लहरीच्या दिशेशी काटकोनात हलतात, आणि द्रवाला स्वतःचा आकार टिकवण्याचा ताठपणा नसल्यामुळे या लहरी द्रवातून पुढे जाऊच शकत नाहीत. मोठ्या भूकंपानंतर दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जाऊन दूरदूरच्या केंद्रांवर नोंदल्या जातात, परंतु २,९०० किलोमीटरच्या सीमेवर त्या अडतात. म्हणजे द्रवाचा सलग थर आहे तो त्या सीमेखाली, बाह्य गाभ्यात, आणि तोही खडकाचा नसून मुख्यतः वितळलेल्या लोहाचा व निकेलचा आहे. त्याच्याही आत, सुमारे ५,१५० किलोमीटरपासून केंद्रापर्यंत, पुन्हा घन गाभा आहे. तो इंगे लेमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये ओळखला.

मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा. पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून दाखवून देणारे रिचर्ड ओल्डहॅम यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी केली होती आणि १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा बारकाईने अभ्यास केला होता. आपल्याकडील वर्गांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता पहिला प्रश्न. रस्त्याच्या कामासाठी आणलेल्या डांबराच्या पिंपात थंड डांबरावर हातोडा मारला तर त्याचा टवका उडतो. पण तेच पिंप आडवे पडून राहिले, तर काही काळाने डांबर तोंडातून ओघळून जमिनीवर पसरलेले दिसते. अचानक बसलेल्या दणक्याला घनासारखे आणि दीर्घकाळच्या ताणाला दाट द्रवासारखे वागणे प्रावरणालाही जमते. भूकंपाची लहर काही सेकंदांत निघून जाते, म्हणून तिला प्रावरण घन वाटते. लक्षावधी वर्षे टिकणाऱ्या ताणाखाली तोच खडक वाहतो. हा केवळ तर्क नाही. हिमयुगातील बर्फाचा भार उतरून हजारो वर्षे झाली तरी बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडील बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला सुमारे एक सेंटीमीटरने वर येत आहे, कारण भाराखाली बाजूला सरकलेले प्रावरण अजून सावकाश परतत आहे.

सागरतळ, नेरूळ:

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात एकच भर घालतो, कारण मुलगी पुढे विज्ञान शिकणार असेल तर तिला हे लागेल. डांबर हा मुळातच अतिशय दाट द्रव आहे, तर प्रावरणातील खडक स्फटिकांचा बनलेला आहे. वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज सर्वाधिक असते, आणि तापमान वितळणबिंदूच्या जवळ गेले की त्याच्या स्फटिकांतील अणू रचनेतील दोषांच्या आधारे जागा बदलत राहतात. त्यामुळे स्फटिक न वितळता आकार बदलतो. साधारण १०० किलोमीटर खोलीच्या आसपास तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. जमिनीवर एवढ्या उष्णतेत हा खडक वितळू लागला असता, पण वरच्या खडकाच्या प्रचंड दाबामुळे तो घन राहतो, फक्त मऊ पडतो. या मऊ भागाला दुर्बलावरण म्हणतात, आणि त्यावरचे थंड, ताठ शिलावरण तुकड्यांत विभागलेले आहे. तेच तुकडे म्हणजे भूपट्ट. त्यामुळे केवळ भूकवच सरकते असे मुलीला सांगू नका. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थर असे दोन्ही मिळून सरकतात.

सरकवते कोण, हा यापुढचा प्रश्न, आणि इथे शालेय चित्र मला अपुरे वाटते. प्रावरणात अभिसरण प्रवाह (तप्त खडक वर येणे आणि थंड झालेला खाली जाणे) आहेत आणि भूपट्ट त्यांवर पट्ट्यावरच्या सामानासारखे वाहून नेले जातात, असे दाखवले जाते. प्रत्यक्षात भूपट्ट हा त्या अभिसरणाचाच वरचा, थंड झालेला भाग आहे. मध्य-सागरी पर्वतरांगेत नवा सागरतळ तयार होतो तेव्हा तो तप्त आणि हलका असतो. कोट्यवधी वर्षांत तो थंड, जाड आणि जड होत जातो, आणि अखेरीस त्याची कड दुसऱ्या भूपट्टाखाली बुडू लागते. बुडणारी ही जड कड मागच्या संपूर्ण भूपट्टाला ओढते. भूपट्टांना चालवणाऱ्या बलांमध्ये ही ओढ सर्वांत मोठी मानली जाते, आणि उंच सागरी रांगेवरून खाली घसरण्याचा दाब तिला साथ देतो. खंडांवर काही खडक चारशे कोटी वर्षांचे सापडतात, पण आजच्या महासागरांचा तळ जवळपास सर्वत्र वीस कोटी वर्षांहून तरुण आहे, याचेही कारण हेच: जुना तळ सतत प्रावरणात परत जात असतो.

भारतीय भूपट्टाची गोष्ट याच ओढीने उलगडते. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली बुडत होता, तेव्हा भारत वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भूखंड भूखंडाला भिडला. खंडाचा हलका खडक सहजासहजी बुडत नाही, त्यामुळे वेग उतरला आणि हिमालय उचलला गेला. बंगळूर, हैदराबाद येथील जीपीएस केंद्रे आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकताना नोंदली जातात.

घणसोलीकर:

मनापासून आभार. दोन्ही उत्तरे आम्ही मोठ्याने वाचली. आता तिचे म्हणणे असे की, सगळे घनच आहे तर पारसिकचा लाव्हा तरी कुठला, आणि वज्रेश्वरीचे पाणी कशाने तापते?

कातळवाट, ठाणे:

खडक वितळवण्यासाठी तो तापवलाच पाहिजे असे नाही. तप्त खडकावरचा दाब उतरला तरी तो वितळतो. प्रावरणात खोलवरून तप्त, घन खडकाचा एक स्तंभ वर येत होता. आज त्याच्यावर हिंदी महासागरातील रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागृत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट या स्तंभावरून चालला होता. वर येताना दाब कमी झाला, खडकाचा काही अंश वितळला आणि तो शिलारस भेगांतून थरावर थर बाहेर पडत गेला. आज उरलेला दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे निवलेल्या लाव्हाचा काळा खडक, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भूपट्ट पुढे गेला तसा तो लाव्हाचा स्रोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसची रांग ही त्या वाटचालीची खूण आहे. कोयना भागात वैज्ञानिकांनी तीन किलोमीटर खोल विवर घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर खाली लाव्हा नव्हे, तर फार प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला.

वज्रेश्वरीच्या पाण्याचा उष्मा त्या लाव्हाचा नाही. एवढ्या काळात तो केव्हाच निवून गेला. साधारणपणे एक किलोमीटर खाली गेले की खडकाचे तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापते आणि तानसा नदीकाठी दुसऱ्या भेगांतून वर येते.

मुलीला खडकच दाखवायचा असेल तर डोंगरात जुनी कापलेली बाजू सुरक्षित अंतरावरून पाहा. काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे विटेसारखा लाल मातकट पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने झिजला, त्याचा तो पुरावा आहे. वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिकही सापडतात.

पनवेल-पूर्व:

एक स्थानिक गोष्ट राहिली, ती जोडतो. माथेरानच्या कड्यांवर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण कल्याण-पनवेलच्या पट्ट्यापासून पश्चिमेला तेच थर समुद्राकडे कललेले आहेत. भूशास्त्रात या वाकाला पनवेलचे नाव मिळालेले आहे. दख्खनच्या उद्रेकांच्या सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून वेगळा झाला, तेव्हा पश्चिम किनाऱ्याचे कवच ताणले जाऊन खचले, आणि हा कल त्यातून आला असे मानले जाते. म्हणजे भूपट्ट फाटण्याच्या प्रक्रियेची कड आपल्याच परिसरातून जाते. पावसाळा संपल्यावर हवा स्वच्छ असताना आधी माथेरानकडचे आडवे थर पाहावेत आणि मग पनवेलच्या पश्चिमेकडे कललेले थर पाहावेत. एकाच दिवसात दोन्ही पाहिले की फरक मुलीच्या लगेच लक्षात येईल.