गिझरखाली थेंब पडतात: टाकी गेली की व्हॉल्व्ह?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
२५ लिटरचा उभा गिझर, सहा वर्षं झाली. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आणि बोअर दोन्ही घरच्या एकाच टाकीत, पुढे प्रेशर पंप. गिझर लावला की खालून थेंब पडतात, गार झाला की थांबतात. प्लंबर म्हणतो गिझरची टाकी गेली, नवीन घ्या. खरंच का?

उत्तर १
टाकीला भोक पडलं असतं तर गळती दिवसरात्र राहिली असती. आधी थेंब कुठून येतात बघा. थंड पाण्याच्या इनलेटला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या बाजूच्या बारीक तोंडातून, तेही फक्त तापताना येत असतील तर बिघाड नाही. २० अंशांचं पाणी ६० वर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं. २५ लिटरमागे पावणेचारशे मिली. व्हॉल्व्हमधली एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप (नॉन-रिटर्न) ते मागे जाऊ देत नाही, मग दाब चढला की ते तिथून सुटतं. बारीक नळी जोडून मोरीत सोडा. बूच मारून तोंड बंद करणारे प्लंबर भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका; टाकी फुटू शकते.

उत्तर २
गार असतानाही तिथूनच गळलं तर व्हॉल्व्हच्या सीटवर (झडप जिथे टेकते तिथे) क्षार बसलाय, बोअर म्हटल्यावर ते आलंच. गिझर गार असताना व्हॉल्व्हची दांडी दोन-चार वेळा उचलून पाणी सोडा. नाही थांबलं तर जुन्यावर लिहिलेल्या दाबाचाच नवा घाला.

वायरीच्या झाकणातून पाणी येत असेल तर मात्र फ्लँजचं (एलिमेंट बसवलेल्या चकतीचं) गॅस्केट, म्हणजे रबरी वायसर गेलंय, आणि तोवर गिझर लावायचा नाही. एमसीबी (बोर्डावरचा मुख्य स्विच) पाडा, इनलेटचा कॉक बंद करा, हवा आत जायला गरम नळ उघडा ठेवा आणि इनलेटचा जोड खोलून टाकी रिकामी करा. गॅस्केट नवंच घ्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, नाहीतर ते तिरकं बसून परत गळतं. उघडलंच आहे तर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही बघा. टाकीऐवजी तो झिजतो. आतली तार दिसायला लागली की बदलायचा. भरताना गरम नळाला सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नका, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जळतं.

प्रश्नकर्ता
व्हॉल्व्हच्या तोंडातूनच येतंय, गार झाल्यावर बंद. मग टाकी गेल्याचं ओळखायचं कसं?

उत्तर १
व्हॉल्व्ह, जोड, फ्लँज सगळं कोरडं आणि तरी बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी, बहुधा तांबूस. तेव्हा नवीनच घ्यायचा. काचेचं अस्तर असलेल्या टाकीला वेल्डिंग करून उपयोग नाही, अस्तर तिथे उडतं आणि शेजारी नवं भोक पडतं.