बाँड बदलला म्हणजे बाँड संपला का?

जुना प्रेक्षक, मांडवी:
जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या मालिकेतल्या २०२१ च्या चित्रपटाच्या शेवटी डॅनियल क्रेगचा बाँड पडद्यावर मेला, तेथेच ही मालिका थांबायला हवी होती. आता निर्मितीची सूत्रे नव्या कंपनीकडे गेली आहेत, दिग्दर्शकही नवा आहे आणि सातव्या नटाची चर्चा आहे. माझ्या मते बाँड एकच, शॉन कॉनरी; पुढचे पाच जण त्याचा कोट घालून वावरले. माणूस बदलून तेच नाव चालवणे ही प्रेक्षकांची फसवणूक आहे.

रावपुऱ्याची लेक:
काका, आपले मत सकाळी वाचले आणि दिवसभर ते डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ‘फसवणूक’ हा शब्द मला फार लागला. १९६९ च्या चित्रपटात जॉर्ज लेझनबीच्या बाँडचे लग्न होते आणि लग्नाच्या कपड्यांतच त्याची पत्नी ट्रेसी मारली जाते. पुढे १९८१ मध्ये चित्रपट सुरू होतो तोच रॉजर मूर तिच्या थडग्यावर फुले ठेवताना. दगडावर १९६९ हे सालही कोरलेले आहे. लग्न एका नटाने केले आणि दुःख दुसऱ्याने वाहिले, तरी तो बाँड परका वाटत नाही, कारण तेथे चेहऱ्यापेक्षा त्या माणसाचे आयुष्य मोठे ठरले होते.

दुसरे असे, की बाँड कधी एकटा नव्हताच. लॉइस मॅक्सवेल १९६२ पासून १९८५ पर्यंत १४ चित्रपटांत बाँडच्या वरिष्ठांची सचिव मनीपेनी होत्या. डेस्मंड ल्युएलिन यांनी १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत हेरांची उपकरणे बनवणारा क्यू साकारला आणि कॉनरीपासून पिअर्स ब्रॉस्ननपर्यंत पाचही बाँडच्या काळात ते होते. नवा नट आला, की ही जुनी माणसे त्याला घरात वसवून घेत.

माझा बाँड मूर आहे आणि त्याचे कारण उदयपूर आहे. रात्री बडोद्याहून बसने निघावे आणि सकाळी उतरावे, असे ते आमच्या ओळखीचे गाव. बाबांची तेथे नेहमी कामे असत. १९८३ च्या चित्रपटात पिचोला तलावातला महाल दिसला, रिक्षा चालवणारा विजय अमृतराज दिसला, पगडीतला कबीर बेदी दिसला, तेव्हा घरात कधी मोठ्याने न हसणारे माझे बाबा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. ते गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. त्या दुपारी पडद्यावर खोटा बाँड होता, असे मला कोणी सांगू नये.

डाल्टनपक्षी, खंडेराव मार्केट:
ताई, आपल्या बाबांच्या आठवणीचा मान राखून सांगतो, की मूरचे कौतुक आले की माझा संयम सुटतो. १९८५ च्या त्याच्या शेवटच्या चित्रपटापर्यंत तो ५७ वर्षांचा झाला होता आणि धावण्याच्या, उडी मारण्याच्या दृश्यांत दुसराच माणूस आहे हे आम्हा मुलांनाही कळत होते. खरा अन्याय झाला तो टिमथी डाल्टनवर. १९८६ मध्ये ब्रॉस्ननची निवड जवळजवळ झालीच होती, पण दूरचित्रवाणी मालिकेच्या करारातून तो सुटू शकला नाही आणि डाल्टन आला. कादंबऱ्यांतला थकलेला, चिडलेला, मारण्याचा तिटकारा असलेला हेर त्याने १९८७ आणि १९८९ मध्ये दाखवला. त्यानंतर कायदेशीर वादांत मालिका सहा वर्षे अडकली आणि त्याचा तिसरा चित्रपट कधी झालाच नाही. वसतिगृहात असताना त्याची बाजू घेतली म्हणून खोलीतल्या मित्राशी माझे भांडण झाले होते आणि आम्ही एक सत्र बोललो नाही. नट बदलावा की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. बदलल्यावर त्याला पुरेसा वेळ देता का, हे विचारा.

जुना प्रेक्षक:
दोघांनीही माझा मुद्दा बाजूला सारला आहे. कॉनरीची निवड झाली तेव्हा लेखक इयन फ्लेमिंग यांना तो पसंत नव्हता. पुढे १९६४ च्या कादंबरीत त्यांनी बाँडचा बाप स्कॉटिश केला, आणि तो कॉनरीच्या प्रभावामुळे, असे मानले जाते. ज्या नटाने मूळ लेखकाकडून पात्राचे कूळ बदलून घेतले, त्याच्या जागी दुसरा कोणी बसू शकतो, हे मला पटणे शक्य नाही.

नाटकवेडा, दांडिया बाजार:
काका, बडोद्यात राहून आपण असे म्हणावे, याचे वाईट वाटले. किर्लोस्कर मंडळीची शकुंतला आणि सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर आपल्याच गावचे. ते १९०१ मध्ये गेले, तेव्हा शकुंतला त्यांच्याबरोबर गेली असे मानून मंडळीने पडदा पाडला असता, तर १९०५ मध्ये त्याच भूमिकेतून बालगंधर्व पुढे आलेच नसते. डॉ. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनी ‘नटसम्राट’ उभा केला. अप्पा बेलवलकरांनाही आपण खोटे ठरवणार का? भूमिका नटाच्या मालकीची नसते, हे मराठी माणसाला दुसऱ्याने शिकवण्याची गरज पडू नये.

जुना प्रेक्षक:
मला नाटक शिकवू नका. बाँड पाहिला त्याच्याही आधीपासून मी नाटके पाहत आलो आहे. आपली तुलना मुळातच चुकीची आहे. नाटकाचा प्रयोग त्या रात्री संपतो. नव्या नटाला फक्त आठवणीशी झुंजावे लागते आणि आठवण हळूहळू फिकी होते. आपल्याकडे तबकड्यांवर ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले, म्हणजे भाऊरावांचा आवाज कोणत्याच तबकडीवर नाही. कॉनरी मात्र मी आज रात्री जेवण झाल्यावर पाहू शकतो, आणि तोही १९६४ मध्ये होता तसाच, एका सुरकुतीनेही म्हातारा न झालेला. नव्याला जिवंत माणसाशी सामना करावा लागतो, आणि तो न्याय्य नाही.

नाटकवेडा:
आठवण फिकी होते, हे आपण कोणाच्या अनुभवावरून सांगता? माझ्या पणजोबांनी तरुणपणी भाऊरावांना ऐकले होते आणि मरेपर्यंत त्यांनी बालगंधर्वांना मान डोलावली नाही, असे आजोबा सांगत. घरात तबकडी लागली की ते उठून ओसरीवर जाऊन बसत. तबकडी नव्हती म्हणून त्यांची आठवण उलट अधिक हट्टी झाली होती. पडद्यावरचा कॉनरी निदान सर्वांना तपासता तरी येतो. पणजोबांचे भाऊराव कोणालाच तपासता येत नव्हते. आपण त्यांच्याच ओसरीवर बसला आहात, काका, आणि आत गाणे चालू आहे.

जुना प्रेक्षक:
हे बोलणे व्यक्तिगत झाले, आणि या वयात ते ऐकून घेण्याची मला सवय नाही.

रावपुऱ्याची लेक:
नाटकवेडे दादा, काकांच्या वयाचा विचार आपण करायला हवा होता. तरीही काकांना एक आठवण करून देते. २००५ मध्ये क्रेगचे नाव जाहीर झाले, तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरूनसुद्धा जगभर विरोध झाला आणि बहिष्काराची भाषा झाली. २००६ चा चित्रपट आल्यावर त्यातले बहुतेक गप्प झाले. त्यात बाँडची गोष्ट अगदी नव्याने, त्याच्या पहिल्या कामगिरीपासून सुरू झाली होती. पण समोरच्या खुर्चीत ब्रॉस्ननच्या काळापासूनच्या जुडी डेंचच एम, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ, म्हणून बसल्या होत्या. साल आणि तर्क जुळत नव्हते, तरी त्या ओळखीच्या चेहऱ्याने नव्या माणसाला पत मिळाली.

काकांचे एक म्हणणे मात्र मला आता मान्य करावे लागते. १९८१ मध्ये थडगे ट्रेसीचे होते, म्हणून मूर त्यावर फुले ठेवू शकला. २०२१ नंतर मेलेला माणूस बाँडच आहे; लेझनबीचे दुःख मूरकडे आले तसे क्रेगचे काहीच पुढच्या नटाकडे येऊ शकत नाही. चूक नट बदलण्यात नाही, त्या शेवटात आहे, आणि ती करणारे आता जबाबदारीतून मोकळे झाले आहेत.

डाल्टनपक्षी:
त्या शेवटाबद्दल मी सहमत आहे. मूरबद्दल नाही.

जुना प्रेक्षक:
मुली, आपण शेवटी माझ्याच वाक्यावर आलात. मी सुरुवात त्या मृत्यूपासूनच केली होती. परंतु मनीपेनी आणि क्यू यांच्याविषयी आपण लिहिलेले मी दोनदा वाचले, आणि ल्युएलिन पाच जणांबरोबर होते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते, हे कबूल करतो. कॉनरीच्या चित्रपटांत मी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. नवा चित्रपट आला, तर नटाचे नाव मी नंतर वाचीन. क्रेगच्या काळातले एम, क्यू आणि मनीपेनी, म्हणजे रेफ फाइन्स, बेन व्हिशॉ आणि नेओमी हॅरिस, यांच्यापैकी कोणाला ठेवले आहे, ते आधी पाहीन, आणि एकालाही ठेवले नसेल, तर तिकीट काढणार नाही.