एक्स्टेंडेड कटला मराठीत काय म्हणावं? 'वाढीव' चालते का?

संत्राबाग
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी पिक्चरवर लिहितो, म्हणजे संपादक काकांकडं जागा उरली की ते छापतात. या खेपेला 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' घेतला होता, २०१६ चा. थेटरात आला तो १५१ मिनिटांचा, आणि त्याच वर्षी मागाहून डिस्कवर आला तो १८२ मिनिटांचा. माझं म्हणणं असं की हा नुसता लांब-आखूडचा फरक नाही, गोष्टच बदलते. थेटरातल्यात आफ्रिकेतल्या त्या गावात माणसं मरतात अन् आळ सुपरमॅनवर येतो, पण मेले तर गोळ्यांनी, मग ज्याच्या डोळ्यातून आग निघते तो बंदूक कशाला धरील? मोठ्या कटमधे दाखवलंय की भाडोत्री लोकांनी प्रेतं जाळली, सुपरमॅननंच जाळल्यासारखं वाटावं म्हणून. सुपरमॅनविरुद्ध साक्ष देणाऱ्या बाईला पढवून आणलेलं असते, ती शेवटी खरं कबूल करते अन् मग तिला रेल्वेखाली ढकलतात, हेही थेटरात नव्हतं.
तर काकांनी काय केलं, 'एक्स्टेंडेड कट' खोडून 'वाढीव आवृत्ती' आणि 'थिएट्रिकल व्हर्जन'चं 'नाट्यगृहीय आवृत्ती'. आता बसस्टँडवर लोक विचारतात का बॅटमॅनचं नाटक कुठी लागलं होतं. नाट्यगृहीय तर गेलंच खड्ड्यात, पण 'वाढीव'पण मला पटत नाही. तुम्ही काय म्हणता?

पऱ्हाटी
वाढीव म्हटलं का मले वीजबिलच आठवते भाऊ. वाढीव बिल, वाढीव दर, वाढीव मुदत. अन् पुण्यात शिकाले गेलेला आमचा पुतण्या 'वाढीव दिसतोय राव' म्हनते, म्हंजे अतीच भारी, जरा आगाऊ. तुमचा बॅटमॅन दोन्हीकडून फसला.

रिटायर मास्तर
'वाढीव' शब्दात व्याकरणाचा दोष काही नाही. कोरीव, घडीव, रेखीव, तसं वाढीव, म्हणजे वाढवलेलं. पण लेखात 'विस्तारित आवृत्ती' लिहावं. मराठीत शब्द असताना एक्स्टेंडेड कट कशाला? आणि ते थेटर, पिक्चर हेही टाळता येतं. चित्रपटगृह, चित्रपट. आपणच नाही वापरले तर कोण वापरणार?

पऱ्हाटी
मास्तर, 'चित्रपटगृहात चित्रपट पाहून आलो' असं म्या घरी म्हटलं तर माय इचारते, बाप्पा तब्येत बरी हाये ना.

कुंकवाची डबी
मला तर 'वाढवणं'च खटकतं. आमच्या घरी नारळ वाढवतात म्हणजे फोडतात. बांगडी वाढली म्हणजे फुटली, मंगळसूत्र वाढलं म्हणजे तुटलं. आजी तर 'फुटलं' हा शब्द तोंडातून काढूच देत नसे. तिच्यापुढे 'पिक्चर वाढवला' म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की मशीन बिघडली अन् सगळे तिकिटाचे पैसे परत घेऊन आले.

संत्राबाग
😂 ताई हे काकांना दाखवतोच. पण माझी खरी अडचण दुसरी आहे. 'वाढीव' म्हटलं की वाटते नंतर भर घातली. इथं भर घातलीच नाही ना, शूट झालेलं होतं, थेटरासाठी काढलं आणि मग परत बसवलं. जेना मलोन या नटीचं तर अख्खं पात्रच उडालं होतं. ती प्रयोगशाळेत काम करणारी दाखवलीय, पत्रकार लोईसला तीच सांगते की सुपरमॅनच्या सुनावणीत ज्या व्हीलचेअरमधला बॉम्ब फुटतो तिला आतून शिसं लावलं होतं. शिशातून सुपरमॅनला दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो तिथंच उभा राहूनही त्याला कळलं नाही. थेटरात हे नाही, म्हणून लोक म्हणाले सुपरमॅन झोपला होता काय. बरं, स्फोटानंतर तो जखमी माणसाला उचलून बाहेर आणतो तेही कापलं, तर वाटते आग लागली अन् हा निघून गेला. आता सांगा, हे परत आलं त्याला 'वाढीव' कसं म्हणू?

रिटायर मास्तर
मग 'पुरवणी' घ्या. विधिमंडळात पुरवणी मागण्या असतात, नागपूरला दर हिवाळ्यात ऐकता तुम्ही.

पऱ्हाटी
पुरवणी शेवटी दोऱ्यानं बांधतात मास्तर, तुम्हीच आमच्या बांधल्या आहेत परीक्षेत. अन् कोरी पुरवणी घेऊन मास्तरले खूश करणारे आम्ही. इथं सीन मधेमधे घातले आहेत ना.

रिटायर मास्तर
मधे घातलेल्याला पोथ्यांच्या अभ्यासात 'प्रक्षेप' म्हणतात.

संत्राबाग
पण प्रक्षेप म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नंतर घुसवलेलं ना सर? ही तर शिवीच झाली. हे मूळ दिग्दर्शकाचंच आहे.

धानपट्टी
हे कापणं-लांबवणं आमच्याकडं रोजचं जी. मंडईले, म्हंजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेले, नाटक राहते, रात्री दहाच्या पुढं सुरू होते तं तांबडं फुटेस्तोवर. वडस्याच्या कंपनीचं तेच नाटक शहरात हॉलमधे लागते तवा तीन तासात बसवा लागते, मग दोन लावण्या जातात, विनोदी पात्र येऊन लोकाईले हसवते ते जाते, बापलेकीचा लांब रडण्याचा प्रवेश अर्धा होते. मग गावानं पाह्यलं ते वाढीव का जी? ते तं अस्सल. शहरानं पाह्यलं ते कापीव. म्हणून नाव द्याचं असन तं लांबड्याले देऊच नका, आखुडाले द्या. १८२ मिनिटाचा तो 'पिक्चर' अन् १५१ वाला 'कापीव'.

संत्राबाग
कापीव! मास्तर, हे तर तुमच्याच कोरीव-घडीवमधे बसते.

रिटायर मास्तर
बसतं, नाकारत नाही. पण लोकांनी आधी पाहिला तो आखूड. कालक्रमानं तोच पहिला. पहिल्या आवृत्तीला 'कापीव' कसं म्हणणार?

धानपट्टी
आधी दाखवलं ते पहिलं, आधी बनलं ते मूळ. दोन येगळ्या गोष्टी हायेत सर.

नऊचा शो
तुम्ही सगळे 'अनकट' का म्हणत नाही? सोपा शब्द, सगळ्यांना कळतो.

पऱ्हाटी
कळते म्हनूनच नाई म्हनत भाऊ 🙈 आमच्या टाकीजवर सकाळच्या शोच्या पोस्टरवर आडवी चिठ्ठी चिकटवलेली राहे, 'अनकट'. तिकडून जाताना बायामाणसं पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जात. हे छापलं तं काकांच्या पेपरचे वर्गणीदार दुप्पट होतीन, पण घरात कोणी येऊ देणार नाई.

नऊचा शो
तरी 'कट' आपलाच शब्द आहे बरं का. काटणे, कटणे, कटाई. इंग्रजांनी इकडून नेला.

रिटायर मास्तर
कृपया. काटणे हे संस्कृत 'कृत्' धातूकडून प्राकृतातून आलंय, कात्री म्हणजे 'कर्तरी', तेही त्याच घरचं. इंग्रजीतल्या कटचा याच्याशी संबंध नाही. ऐकायला सारखे म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत.

नऊचा शो
अर्थही तोच, आवाजही तोच, तरी नातं नाही? हे तुम्हीच ठरवणार का? जुगल, बंगला, शॅम्पू एवढं सगळं इकडून गेलं ते चालते अन् कट तेवढा नाही.

रिटायर मास्तर
'जुगल' नव्हे, 'जंगल'. बाकी तीन गेले म्हणून चौथाही गेला, हा न्याय कुठला?

रिद्धपूरवाला
मी मोर्शी तालुक्यातला, म्हणून राहवत नाही. 'आवृत्ती' छापखान्याचा शब्द आहे. एकाच गोष्टीची दोन रूपं असतात तेव्हा आपल्याकडं 'पाठ' म्हणतात. लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, आमच्या रिद्धपूरच्या मातीतलं. मूळ पोथी हरवली, मग आठवणीतून परत लिहिली गेली, म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आहेत. कोणात लीळा (प्रसंग) जास्त, कोणात कमी. म्हणून कोणी 'वाढीव लीळाचरित्र' म्हणत नाही. तर थेटरपाठ आणि दीर्घपाठ. झालं काम.

कुंकवाची डबी
थेटरपाठ छान आहे. हरिपाठासारखं वाटतं पण.

संत्राबाग
पाठ आवडला. मग त्याच्या पुढच्या पिक्चरचं, 'जस्टिस लीग'चं काय करायचं? २०१७ ला १२० मिनिटांचा आला, दिग्दर्शक झॅक स्नायडर मधेच बाजूला झाला होता अन् जॉस व्हेडननं पूर्ण केला, बरंच परत शूट करून. मग २०२१ ला स्नायडरचा आला तो २४२ मिनिटांचा, चौकोनी पडद्याचा, अन् त्यासाठी थोडं नवीनही शूट केलं. हा ना वाढीव ना कापीव. पहिल्याला दीर्घ केलं असंही नाही, गोष्ट तीच पण माणूस वेगळा.

रिद्धपूरवाला
तोही पाठच. फक्त परंपरा वेगळी.

पऱ्हाटी
चार तास दोन मिनिटं! आमच्या टाकीजवाल्यानं तर त्याचा दीड तास केला असता. शेवटच्या शोले तो गाणेच उडवे, एक रीळ बाजूले ठेवून दे, कारण लोकाईले शेवटची यष्टी धराची राहे. एकदा हीरोईनचा बाप जिवंत अन् पुढच्या सीनले फोटोले हार. कोणी चूं केलं नाई, उठून यष्टीकडं पळाले.

धानपट्टी
आमच्याकडं उलटं जी. नाटक लवकर संपलं तं लोक कंपनीवाल्याले जाऊ देत नाहीत, अजून एक लावणी करा म्हनते, थंडीत घरी जाऊन काय कराचं.

नऊचा शो
बरं मास्तर, 'टाकीज' कुठून आलं? टाकीसारखं बांधकाम असे म्हणून ना?

रिटायर मास्तर
बोलपट आले तेव्हा 'टॉकी' म्हणत, त्यावरून टॉकीज. पाण्याच्या टाकीशी काडीचा संबंध नाही.

नऊचा शो
आमच्या गावच्या टाकीजच्या गच्चीवर तर खरंच मोठी टाकी होती.

कुंकवाची डबी
सगळ्याच इमारतींवर असते हो दादा.

नऊचा शो
तिच्यावर नाव पेंट केलेलं होतं ताई, लाल अक्षरात.