मदत हवी आहे: मेलबर्न-सिडनी राइड, ऑरबोस्टच्या पुढे काय करायचं?

राइडराजा
लोकहो अर्जंट आहे. आमची चॅरिटी राइड आहे स्किन कॅन्सरच्या अवेअरनेससाठी, मेलबर्न ते सिडनी, किनाऱ्याकिनाऱ्याने. व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्व भागातल्या ऑरबोस्टपर्यंत सगळं ठरलंय, पण तिथून पुढे न्यू साउथ वेल्समधल्या ईडनपर्यंत काय करायचं यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत आणि शुक्रवारी संस्थेला फायनल रूट द्यायचाय. प्रिन्सेस हायवेनेच सरळ जायचं का दुसरा काही पर्याय आहे? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, आणि प्लीज गूगल मॅपची लिंक टाकू नका, तो आम्हालाही उघडता येतो.

बुलेटवाला_सातारकर
एक नंबर उपक्रम भावा! क्लच केबल स्पेअर ठेव, चेन लूब रोज संध्याकाळी, आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्यायचंच. आम्ही लडाखला हाच नियम पाळला.

राइडराजा
अहो दादा, सायकल आहे. पायाने मारायची.

बुलेटवाला_सातारकर
सायकलवर?? मग चेन लूब तरी ठेवाच.

पेडलपंत
सिडनीत असतो, हा रस्ता सायकलने केलाय. पण तू काहीच सांगितलं नाहीस राव. कधी? किती जण? रोड बाइक का ग्रॅव्हल? बरोबर गाडी आहे का? आणि "ऑरबोस्टपर्यंत ठरलंय" म्हणजे बेर्न्सडेलवरून रेल ट्रेलने (जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने) का हायवेने?

राइडराजा
नोव्हेंबर. सात जण. रेल ट्रेलने. एक व्हॅन आहे, मंडळातले एक काका चालवणार. पण माझा प्रश्न ऑरबोस्टच्या पुढचा आहे!!

पेडलपंत
पुढचा प्रश्न मागच्यावरच अवलंबून आहे रे. टायर केवढे?

राइडराजा
चौघांचे 35 मिमीचे, तिघांच्या रोड बाइक, 25 मिमी.

पेडलपंत
मग ठरलं कुठे तुझं? बेर्न्सडेल ते ऑरबोस्ट ट्रेल पाऊणशेच्या वर, जवळजवळ शंभर किमी आहे आणि बहुतेक सगळी खडी-माती. झाडी मस्त, नोवा नोवाजवळचा जुना लाकडी रेल्वेपूल बघण्यासारखा, पण 25 च्या टायरवर ते तिघे हातापायाला झिणझिण्या घेऊन पोचतील. टायर बदला नाहीतर त्या तिघांना हायवेने पाठवा.

ह्यूम_झिंदाबाद
हा सगळा खटाटोप कशासाठी? आतल्या बाजूच्या ह्यूम हायवेने जा ना. पावणेनऊशे किमीच्या आसपास, मोठा शोल्डर (रस्त्याकडेची पट्टी), गावाबाहेर सायकलला परवानगी, दर थोड्या अंतरावर गाव. किनाऱ्याने दीडेकशे किमी जास्त पडतात आणि वर चढउतार.

पेडलपंत
आणि डोक्याला शॉट तो वेगळा. पूर्ण वेळ ट्रकचा घरघराट ऐकत सिडनीला पोचायचं. चॅरिटी राइडला लोक भेटायला हवेत, लेक्स एंट्रन्स, नरूमा, बेटमन्स बे अशी गावं लागतात तिकडे. ह्यूमवर पॅम्फ्लेट काय सर्व्हिस स्टेशनवर वाटणार?

ह्यूम_झिंदाबाद
सर्व्हिस स्टेशनवर ट्रक ड्रायव्हर असतात आणि त्यांचा उजवा हात दिवसभर खिडकीतून उन्हात असतो. अवेअरनेसची खरी गरज त्यांनाच आहे. विचार करा.

राइडराजा
मुद्दा भारी आहे पण किनारा ठरलाय. ऑरबोस्ट-ईडन प्लीज.

कोथरूडचा_काका
मला एक कळत नाही, आपल्या लोकांना हा रोग होतो तरी का? हे गोऱ्यांचं. माझी आजी जन्मभर चिखलात उभी राहून भातलावणी करत होती, तिने कधी सनस्क्रीन नाव ऐकलं नाही. उलट हल्ली सगळ्यांचं डी व्हिटॅमिन कमी. ऊन अंगावर घ्या असं सांगायला राइड काढा.

सायन्सशेखर
ऑस्ट्रेलियावर ओझोनला भोक आहे म्हणून तिकडे जास्त होतो काका.

अनिवासी_अनु
भोक अंटार्क्टिकावर पडतं हो, ऑस्ट्रेलियावर नाही. इथे मुख्य कारण म्हणजे उत्तर युरोपातून आलेली गोरी कातडी आणि हे रणरणतं ऊन. त्यात पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, म्हणजे नेमकी इथल्या उन्हाळ्यात. सत्तरी गाठेपर्यंत तीनातल्या किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो, असं इथली कॅन्सर कौन्सिल सांगते. 'स्लिप स्लॉप स्लॅप' (शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला) ही मोहीम 1981 पासून चालू आहे, इथल्या पोरांना पाठ असतं. माझा मुलगा टोपीशिवाय गेला तर शाळेत त्याला मधल्या सुट्टीत सावलीतच बसवतात.

राइडराजा
धागा कुठे चाललाय.

त्वचाविकार_नाशिक
थोडं अवांतर, पण राइडच्या विषयाचंच आहे. काका, सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त म्हणून उन्हाने होणारे कॅन्सर आपल्यात खूपच कमी, ते बरोबर. पण आपल्या रंगाच्या लोकांना जो मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) होतो तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, फुटबॉलची जखम समजत होते, 1981 मध्ये 36 व्या वर्षी गेला. आपल्याकडे उशिरा सापडतो कारण पेशंट तळपाय बघत नाही आणि आम्हीही मोजे काढायला सांगायचा कंटाळा करतो.
राइडराजा, टी-शर्टवर काय छापताय? नुसतं "सनस्क्रीन लावा" असेल तर आपल्या लोकांसाठी ते अर्धंच आहे.

राइडराजा
डॉक्टर, तेच छापणार होतो. खरं सांगायचं तर राइड त्यावरूनच सुरू झाली. ग्रुपमधल्या एकाचे वडील, ते सांगलीत असतात, तळपायाला काळा डाग. कुरूप समजून वर्षभर कॉर्नकॅप लावत राहिले. शेवटी मेलानोमा निघाला.

अनिवासी_अनु
अरे मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!

राइडराजा
मी रस्त्याबद्दल विचारत होतो.

त्वचाविकार_नाशिक
मग मागच्या बाजूला पायाच्या तळव्याचं चित्र टाका, सायकलवाल्यांना शोभेलही. मजकूर साधा ठेवा: तळव्यावरचा डाग वाढतोय, कडा वेडीवाकडी होतेय, रंग बदलतोय, किंवा एकाच नखाखाली काळी रेघ येऊन रुंद होतेय तर दाखवून घ्या. बऱ्याच नखांना फिकट रेघा असतील तर घाबरायचं कारण सहसा नसतं, आपल्याकडे ते कॉमन आहे. आणि तुम्ही सात जण तुमच्यासाठी सनस्क्रीन लावाच. दिवसभर सायकलवर म्हणजे सावळ्या कातडीलाही ऊन भाजतंच.

माईआजी
वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीने कमरेला होणाऱ्या कॅन्सरवर 2024 मध्ये लिहिलं होतं, ते वाचलं का कुणी? नाडी रोज तिथेच घट्ट, कातडी सोलवटते, जखम वर्षानुवर्षं बरी होत नाही. आमच्या गावात कित्येक बायकांच्या कमरेला तो काळा पट्टा असतो. आता मुलीने मला रुंद इलॅस्टिकचे परकर आणून दिलेत.

त्वचाविकार_नाशिक
माई, अगदी बरोबर. टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच धोतराच्या घट्ट गाठीने होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. नाडी सैल ठेवा, जागा बदलत राहा आणि न भरणारी जखम दाखवा.

सायन्सशेखर
काश्मीरची कांगडीपण. फिरनच्या (लांब झग्याच्या) आत शेगडी ठेवतात त्याने मांडीला.

पुणेरी_पाकीट
पैसे द्यायचे आहेत. 80जी मिळेल का?

अनिवासी_अनु
परदेशी संस्थेला दिल्यावर नाही मिळणार. भारतातून देणाऱ्यांनी सरळ भारतातल्याच कॅन्सर संस्थेला द्या आणि पावती राइडराजाला दाखवा, तो फोटो टाकेल पेजवर. आणि राइडराजा, संस्थेकडून निधी गोळा करायचं लेखी परवानगीपत्र घेतलंस ना? त्याशिवाय त्यांच्या नावाने डबा फिरवू नका.

राइडराजा
पत्र आहे. रस्ता नाहीये 🙏

पेडलपंत
चल तुझा रस्ता. ऑरबोस्ट ते कॅन रिव्हर पाऊणशे किमी, मध्ये कॅबेज ट्री क्रीकसारखी नावापुरती गावं, फोनला रेंज येते-जाते. कॅन रिव्हर ते जेनोआ आणखी पन्नासेक, मग बॉर्डर ओलांडून ईडन. दोन्ही बाजूंना घनदाट जंगल, वळणं, शोल्डर कित्येक ठिकाणी नाहीच, स्पीड लिमिट 100. दीड मीटर अंतर ठेवून ओव्हरटेक करायचा कायदा दोन्ही राज्यांत आहे, पण वळणावर सगळे पाळतीलच असं नाही.

मोनारो_मंग्या
म्हणूनच म्हणतो, कॅन रिव्हरवरून मोनारो हायवे घ्या. बॉम्बाला, कूमा, कॅनबेरा, गोलबर्न, सिडनी.

पेडलपंत
आणि सात-आठशे मीटर चढा, उन्हात, सावली कुठे तर कूमाच्या बेकरीत. किनारा राहिला बाजूला.

मोनारो_मंग्या
ट्रकखाली जाण्यापेक्षा चढ बरा.

ह्यूम_झिंदाबाद
लाकडाचे ट्रक मोजा एकदा त्या प्रिन्सेसवर.

पेडलपंत
जुनी माहिती आहे. व्हिक्टोरियात 1 जानेवारी 2024 पासून सरकारी जंगलातली नैसर्गिक झाडं तोडणं बंद झालंय, त्या बाजूला लॉग ट्रक कमी झालेत. न्यू साउथ वेल्सच्या बाजूला मात्र तोड चालू आहे आणि ईडनला चिप मिल (लाकडाचे तुकडे करायची गिरणी) आहे, म्हणजे जेनोआच्या पुढे जपायचं. माझं मत: ऑरबोस्ट-कॅन रिव्हर रविवारी करा, तेव्हा ट्रक कमी. निघणार कुठल्या वारी?

राइडराजा
शनिवारी. मंडळाचा कार्यक्रम आहे, नारळ फोडून झेंडा दाखवायचा. रोज शंभरेक किमी.

पेडलपंत
म्हणजे कॅन रिव्हरला बुधवारी. उलटं करा. नारळ शनिवारी फोडा, फोटो काढा, घरी जा, आणि खरे निघा बुधवारी. रविवारी तुम्ही बरोबर ऑरबोस्टवरून निघता. सोमवारी कॅन रिव्हरवरून उजाडताच सुटा, म्हणजे वळणांचा भाग ट्रकच्या आधी निघेल आणि ऊनही कमी लागेल. तिकडे नोव्हेंबरात सकाळी साडेआठच्या सुमारास यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचं माप) 3 च्या वर जातो. ढग असले तरी यूव्ही असतोच, गार वारा सुटला म्हणून बाह्या वर करू नका.

राइडराजा
काका म्हणतात व्हॅन मागेच ठेवतो, ब्लिंकर लावून.

पेडलपंत
नको!! 100 च्या रस्त्यावर वळणामागे वीसच्या स्पीडने चाललेली व्हॅन म्हणजे स्वतःच अपघात. त्यांना दहा किमी पुढे जाऊन रस्त्यापासून लांब थांबू दे. पाणी, सनस्क्रीन, केळी. तुम्ही पोचलात की परत पुढे.

अनिवासी_अनु
सनस्क्रीन दर दोन तासांनी, म्हणजे दर चौथ्या व्हॅन थांब्याला. कान, मानेची मागची बाजू, पोटऱ्या विसरू नका. कपाळाला पातळ क्रीम लावलं की घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि मग उतारावर काही दिसत नाही, तिथे झिंकची जाड स्टिक लावा. हातांना ऊन अडवणाऱ्या, यूपीएफ 50 च्या स्लीव्ह्ज. आणि नोव्हेंबर म्हणजे मॅगपाय अजून झडप घालत असतील, हेल्मेटला केबल टाय लावून बघा.

बुलेटवाला_सातारकर
पक्षी हल्ला करतो?? आमच्याकडे फक्त कुत्री.

राइडराजा
ग्रुपवर टाकलं. मंडळाचे अध्यक्ष बुधवारवरून रागावलेत, पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून, पण ते मी बघतो. तिघेजण टायर बदलतायत. डॉक्टर, तळव्याचं चित्र तुम्ही नजरेखालून घालाल का? छपाईवाल्याला उद्या द्यायचंय.

त्वचाविकार_नाशिक
पाठवा. रात्री ओपीडी संपली की बघतो.

प्रवासी_पक्या
वरचं सगळं वाचलं नाही, पण मेलबर्न-सिडनी विमान आधी बुक केलं तर खूप स्वस्त पडतं.