‘पोपट होणे’ कधीपासून?

एका हिंदी कथेचा अनुवाद करते आहे. काळ १९५७, चाळीतली पोरं. मूळ वाक्यात एकाला दुसरे ‘उल्लू’ बनवतात. घुबड ठेवता येईना, कारण मराठीत घुबड अशुभ असतं, मूर्ख नसतं. पक्ष्याला पक्षी असावा म्हणून ‘त्याचा पार पोपट झाला’ असं केलं. संपादकांनी ते खोडून ‘फजिती झाली’ केलं आणि शेजारी लिहिलं, ‘तेव्हा असं बोलत नसत.’ खरंच नसत का?

—

१९५७ साली मी आठवीत होतो. आम्ही ‘मामा बनवला’, ‘शेंडी लावली’, ‘टोपी घातली’ म्हणायचो. पोपट म्हणजे घोकंपट्टी. मास्तर छडी आपटून म्हणत, ‘पोपटपंची नको, अर्थ सांग.’ ‘पोपट झाला’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते मुलाच्या तोंडून, तो कॉलेजात गेल्यावर. ताई, संपादकांचं बरोबर आहे.

—

बोलण्यात नसेल, पण कल्पना फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा: ‘जैसी ते शुकाचेनि आंगभारें, नळिका भोविन्नली एरी मोहरें.’ पारधी दोरीत नळी ओवून टांगतो. पोपट बसला की त्याच्या वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. सोडलं तर पडू, या भीतीने आणखी घट्ट धरतो. पंख मोकळे, पायात दोरी नाही, तरी अडकलेला. याहून ‘पोपट होणं’ दुसरं काय असतं?

—

दृष्टान्त अप्रतिम आहे, पण व्युत्पत्ती म्हणून पटत नाही. एक तर तिथे शब्द ‘शुक’ आहे. दुसरं, ज्ञानेश्वरी १२९० ची. मधली सातशे वर्षं हा वाक्प्रचार होता कुठे? आणि अर्थही जुळत नाही. तिकिटं काढून गेलो, दारावर ‘प्रयोग रद्द’ची पाटी, झाला पोपट. इथे कुणी फसवलेलं नाही, नुसती आशा फुटली. कुणी मुद्दाम फसवलं तर ‘पोपट केला’. फजितीला मात्र बघणारे लागतात, चार लोकांत मान खाली जावी लागते. म्हणून संपादकांचा शब्दही नेमका नाही. ‘मामा बनवला’च घ्या. पक्षी जाईल, पण काळ आणि अर्थ दोन्ही राहतील.

—

मुळात पोपटच कशाला? आपले शब्द राघू आणि रावा. पिंजऱ्यातल्या पाखराला रामनाम शिकवत, म्हणून राघव, त्याचा राघू, असं म्हणतात. केवढी माया आहे त्या नावात! आणि ‘पोपटपंची’तलं ‘पंची’ मला तर हिंदीतलं पंछीच वाटतं. तोही शब्द टाकून द्यावा.

—

बाहेरून आला म्हणून शब्द टाकायचा म्हटलं तर ‘कागद’ आणि ‘पगार’ही टाकावे लागतील. ‘रावा’ आज किती जणांना कळतो? पोपटाने मराठीला रंग दिला, घोकंपट्टीला नाव दिलं, आता निराशेलाही दिलं. ‘राजाचा पोपट मेला’ ही गोष्ट तर रोज उपयोगी पडते. पोपट डोळे उघडत नाही, दाणा खात नाही, मान टाकली आहे, सगळं सांगायचं, फक्त ‘मेला’ म्हणायचं नाही. वाईट बातमी वरिष्ठांना देताना आम्ही नेमकं हेच करतो. इथे ‘राजाचा राघू मेला’ म्हणून पाहा, जिभेला जड जातं.

—

राघूचा विषय निघालाच आहे म्हणून. ‘वेडा राघू’ हा पोपट नव्हेच. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून दोन बारीक पिसं काडीसारखी बाहेर आलेली. तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. काल सकाळी अगदी जवळून पाहिला. मधमाशी चोचीत आडवी धरून तारेवर आपटत होता, नांगी निघून जाईपर्यंत. इतकी काळजी घेणाऱ्याला वेडा का म्हणाले? सारखा त्याच तारेवर परततो म्हणून? आमच्या आजीचं म्हणणं तेच होतं. तुमच्याकडे याला काय म्हणतात?