मदत हवी आहे: एकाच खेपेतील कोंबडीची काही पिल्ले खुरटी राहिली आहेत
तिसरा आठवडा सरत आला तरी काही पिल्ले बाकीच्यांच्या निम्मीही झालेली नाहीत. त्यांच्या पंखांची पिसे आडवीतिडवी फुटली आहेत आणि विष्ठेत न पचलेले खाद्य दिसते, रक्त मात्र नाही. ब्रूडरचे (पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेचे) तापमान ३४ अंश सेल्सिअसपासून दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवले असून, खाद्य २० टक्के प्रथिनांचे स्टार्टरच (लहान पिल्लांचे सुरुवातीचे खाद्य) आहे, त्यात कॉक्सिडिओसिसचे (आतड्यांतील परजीवींमुळे होणाऱ्या रोगाचे) औषध नाही. धडधाकट पिल्ले रेटतात म्हणून यांना वेगळे ठेवले, पाण्यातून जीवनसत्त्वेही दिली. खातात भरपूर, पण अंगी लागत नाही. विष्ठेचा नमुना पशुवैद्यांकडे देणारच आहे. तोवर, रक्त नसतानाही हा कॉक्सिडिओसिस असू शकतो का, की आतड्यांतील विषाणूसंसर्ग, आणि तसे असल्यास ही पिल्ले पुन्हा इतरांत सोडावीत का?