रात्री कायोटीसाठी रिमफायर: .२२ मॅग्नम, .१७ की दोन्ही नकोत?

टेक्सासचा धनगर

ऑस्टिनपासून तासाभरावर, हिल कंट्रीत आमची बारा एकर जमीन आहे आणि तिच्यावर बोअर जातीच्या शेळ्या. जानेवारीत शेळ्या व्यायला लागल्या की कायोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान प्राणी) कुंपणाशी घुटमळू लागतात. यंदा करडं गेली, म्हणून हा धागा. प्रश्न असा: रिमफायर, म्हणजे ठिणगीचं रसायन तळाच्या कडेत असलेलं छोटं काडतूस, या कामाला पुरेल का, आणि कुठलं घ्यावं? (.२२, .१७ म्हणजे गोळीची जाडी, इंचात.)

कायद्याचं आधी उरकतो. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही. खाजगी जमिनीवर रात्रीही मारता येतो, दिवा किंवा थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी दुर्बीण) लावला तरी चालतं. एरवी शिकारीचा परवाना लागतो, पण जनावरांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीसाठी जमीनमालकाला त्यातून सूट आहे. गेम वॉर्डनला (शिकारीच्या कायद्यावर नजर ठेवणारा अधिकारी) आधी फोन केलेला बरा, नाहीतर शेजारी रात्रीच्या आवाजाची तक्रार करतात आणि तो बिचारा उगाच फेरी मारतो.

आता काडतूस. माझं मत .२२ मॅग्नम. बारा एकर चौरस धरले तर एक बाजू जेमतेम २४० यार्ड होते, आणि गोठा मध्यावर आहे. म्हणजे मला लांबचा नेम मारायचाच नाही. ८० यार्डांपलीकडे रात्री घोडा ओढायचा नाही हे एकदा ठरवलं की निम्मी चर्चा संपते. .२२ एलआर (लाँग रायफल, नेहमीची साधी .२२) या कामाला अपुरी: ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून निघताना १३५ फूट-पाउंडांच्या (गोळीच्या ऊर्जेचं माप) आसपास, १०० यार्डांवर ९० च्या घरात. मॅग्नममध्ये तेवढ्याच वजनाची गोळी ३०० च्या वर निघते आणि १०० यार्डांवर दीडशे तरी शिल्लक ठेवते. इथला कायोटी पंचवीस ते चाळीस पाउंडांचा. जवळून, छातीत, चांगली फुलणारी गोळी बसली तर हे पुरेसं आहे.

वेगळं मत असेल तर बिनधास्त मांडा.

सतरावाला

असहमत. रात्री खरी अडचण ताकदीची नसते, अंतराची असते. थर्मलमध्ये पांढरा ठिपका दिसतो. तो ६० यार्डांवर आहे की १४० वर हे कळत नाही, कारण मागचं झाड, कुंपण, उतार सगळं पुसटलेलं असतं. दिवसा अंदाज बरोबर येणारे लोकही रात्री चुकतात.

म्हणून सपाट जाणारी गोळी हवी. .१७ एचएमआर म्हणजे .२२ मॅग्नमच्याच काडतुसाचं पितळी कवच, तोंडाशी आवळून १७ ग्रेनची गोळी बसवलेलं. हॉर्नडीनं २००२ मध्ये आणलं. वेग २५५० फूट प्रति सेकंद. १०० यार्डांवर झिरो केली (त्या अंतरावर नेम अचूक जुळवला) तर १५० वर सुमारे तीन इंच खाली जाते. तुमची ४० ग्रेनची मॅग्नम तिथे सहा-सात इंच खाली गेलेली असते, आणि कायोटीच्या छातीतली मर्माची जागाच मुळात चार-पाच इंचांची. शिवाय एचएमआरचा नेमकेपणा मॅग्नमला सहसा जमत नाही.

अण्णा ह्यूस्टनकर

सतरावाले, तुमचं गणित बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा. गोळी ठरल्या जागी पोचते, पण पोचून करते काय? १०० यार्डांवर १७ ग्रेनच्या गोळीत १३५ फूट-पाउंड उरतात आणि तिचं टोक ससा-खार फोडायला बनवलेलं आहे. कायोटी जरा तिरका उभा असला आणि गोळी खांद्यावर बसली तर ती कातडीखाली फुटते, मांसाची चाळण करते आणि फुप्फुसापर्यंत जातच नाही. जनावर पळतं. मग ते सीडरच्या झाडीत दोन दिवस तडफडतं. रात्री त्या झाडीत रक्ताचा माग काढायचा प्रयत्न कुणी केलाय का इथे? लाल मातीवर लाल थेंब, वर टॉर्चचा पिवळा उजेड. नाही सापडत.

मी तर म्हणतो रिमफायरच नको. .२२३ घ्या, ती सेंटरफायर, म्हणजे ठिणगी तळाच्या मध्यावर असलेली. ५५ ग्रेन, ३२४० फूट प्रति सेकंद, निघताना बाराशेच्या वर फूट-पाउंड. खांद्यावर बसो वा फासळीत, जनावर जागीच बसतं. दुसरं एक कुणी बोलत नाही: रिमफायरमध्ये ठिणगीचं रसायन पितळेच्या कडेत फिरवून भरलेलं असतं, ते सगळीकडे सारखं बसतंच असं नाही. नुसता ‘टक’ आवाज होऊन गोळी न सुटण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा जास्त. करडू तोंडात धरलेला कायोटी समोर असताना तो ‘टक’ ऐकायचा आहे का?

टेक्सासचा धनगर

अण्णा, .२२३ बद्दल आदर आहे, पण माझ्या पश्चिमेच्या कुंपणापलीकडे घर आहे. हुकलेली गोळी जाईल कुठे? गोळी दुसऱ्याच्या हद्दीत जाणं हा टेक्सासमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. आणि काउंटीला सबडिव्हिजनमधल्या (तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतल्या) दहा एकर किंवा कमी आकाराच्या प्लॉटांवर गोळीबारच बंद करता येतो. मी बारा एकरवर असल्यानं थोडक्यात सुटलोय. शेजाऱ्यानं एकदा ओरड केली की सगळंच अवघड होईल.

अण्णा ह्यूस्टनकर

नेमकी इथेच लोकांची समजूत उलटी असते. ‘छोटी गोळी म्हणजे सुरक्षित गोळी.’ .२२ च्या डब्यावर काय छापलेलं असतं ते वाचा: दीड मैलापर्यंत धोका. आणि तुमच्या हिल कंट्रीत वीतभर मातीखाली चुनखडीचा खडक. हळू जाणारी, शिशाची, न फुटणारी गोळी त्या खडकावर कमी कोनात आपटली की शिट्टी वाजवत कुठेही जाते. उलट .२२३ ची पातळ आवरणाची वार्मिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी त्या वेगानं जमिनीला लागली तर बहुतेक वेळा तिचा भुगा होतो. हुकून थेट हवेत गेली तर अर्थातच तीच जास्त घातक, ते मान्य. पण म्हणून उंचावरून, जमिनीच्या दिशेनं मारायचं. ट्रेलरच्या टपावर बसा, गोळी मातीत जाऊ द्या. काडतूस बदलून मागचा आडोसा तयार होत नाही.

सतरावाला

खडकाचा मुद्दा खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे :) एचएमआरची गोळीही फुटतेच. .२२ एलआरच्या मानानं उसळणं खूपच कमी. धनगरभाऊ, मॅग्नममध्ये राहायचंच असेल तर निदान ४० ग्रेनची घट्ट गोळी सोडा, ३० ग्रेनची व्ही-मॅक्स घ्या. २२०० चा वेग आहे, फुटते.

टेक्सासचा धनगर

३० ग्रेनची फुटते, मग ती खांद्यावरही फुटेल. अण्णांनी एचएमआरवर जो आरोप केला तोच लागू. मी ४० ग्रेनची पोकळ टोकाची घेतोय. खडकासाठी उंचावर बसायचा सल्ला मात्र उचलतो.

विन्मॅग

.१७ विन्चेस्टर सुपर मॅग्नमचं कुणी नावच काढत नाही! २० ग्रेन, ३००० फूट प्रति सेकंद, ४०० फूट-पाउंड. २०० यार्डांवरही हिच्यात एचएमआरच्या १०० यार्डांपेक्षा जास्त जोर उरतो. बांधकामावर खिळे ठोकायच्या बंदुकीचं जे काडतूस असतं त्याच्या पितळेवरून बनवलीय, त्यामुळे भिंत जाड आणि दाब जास्त सोसते.

अण्णा ह्यूस्टनकर

कागदावर सर्वांत भारी रिमफायर तीच. दुकानात मिळते का? मागच्या वेळी डबा कधी पाहिलात ते सांगा. आणि रिमफायर असल्यानं घरी पुन्हा भरताही येत नाही. पुढे चला.

विन्मॅग

… ऑनलाइन मिळते.

रानवेडी

एवढी फूट-पाउंडांची चर्चा झाली, पण मूळ प्रश्न कुणी विचारला नाही: मारून करडं वाचणार आहेत का? कायोटीच्या टोळीत साधारणपणे एकच जोडी पिल्लं काढते-वाढवते. त्यातला नर किंवा मादी मारली की टोळी विस्कटते, एरवी गप्प असलेल्या माद्या माजावर येतात, मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरचे तरुण घुसतात. शंभर वर्षं अमेरिकन सरकार विष, सापळे, विमानातून गोळ्या असं सगळं करून बसलंय आणि या काळात कायोटी पश्चिमेतून पसरत पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. लांडगा संपवता आला, हा नाही.

धनगरदादा, व्यायलेल्या शेळीची वार उचलून खोल पुरता का? की गोठ्यामागे टाकता? त्या वासानंच निम्मे येतात. करडं पहिले दोन आठवडे रात्री आत घ्या, कुंपणाच्या तळाशी विजेची तार ओढा, आणि ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन कुत्रा पाळा. नुसतं भुंकूनही तो रात्र राखतो.

आणि ओळखीचं काय? थर्मलमध्ये शेजाऱ्याचा जर्मन शेफर्ड आणि कायोटी वेगळे सांगता येतात? नॉर्थ कॅरोलिनात लाल लांडगे कायोटी समजून मारले जाऊ लागले, तेव्हा २०१४ मध्ये न्यायालयानं तिथल्या पाच काउंट्यांत रात्रीची कायोटी शिकारच थांबवली. त्या शिकाऱ्यांनाही खात्रीच होती.

टेक्सासचा धनगर

रानवेडी ताई, पिरेनीज आहे, दोन वर्षांचा. तो एका टोकाला भुंकत असताना दुसऱ्या टोकाकडून कायोटींची जोडी आत आली. वार पुरतो, तार खालीच आहे. टोळी संपवायची नाहीये. ज्या एकाला कुंपण ओलांडायची सवय लागलीय तोच हवाय. असा एखादाच असतो आणि तोच पुन्हा पुन्हा येतो, हे इथले जुने मेंढीवाले सांगतात. ओळखीचा मुद्दा बिनतोड. म्हणून थर्मल फक्त शोधायला, आणि घोडा ओढण्याआधी लाल दिव्यात शेपूट-कान बघितल्याशिवाय नाही.

रानवेडी

‘एकच हवाय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं पहिला दिसेल तो मारलेला मी पाहिलाय. दुसरा कुत्रा आणा. एक कुत्रा दोन टोकं सांभाळत नाही हे तुम्हीच सांगितलंत.

झेडपी मास्तर

नगर जिल्ह्यातून वाचतोय. आमच्याकडे लांडगा मेंढ्या उचलतो. धनगर रात्री जाळीची वाघर लावून मेंढ्या मधे बसवतात, कडेला कुत्री आणि काठीवाला माणूस. बंदूक नसते, आणि लांडग्याला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. तरी कळप टिकलेत. नाव धनगर घेतलंत तर एखादी वाघर पण लावा की राव.

टेक्सासचा धनगर

मास्तर :D रात्री जागायला माणूस कुठून आणू? सकाळी साडेआठला मीटिंग असते.

नवा गडी

अवांतर: मी डॅलसला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. धनगरदादांकडे येऊन एखादी रात्र बसता येईल का? बंदूक हातात घेतली तर चालतं?

अण्णा ह्यूस्टनकर

थांब रे बाबा. अशा व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्य कायद्यानं बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना तुझ्या खिशात असेल तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या रानात मित्राची रायफल म्हणून सूट मिळत नाही. आधी परवाना काढ, आणि नोकरी-व्हिसा पणाला लागणार असल्यानं वकिलाशी बोलून घे. तोवर थर्मल धरून बस.

सतरावाला

मुद्द्यावर येऊ. धनगरभाऊ, ८० यार्डांची मर्यादा पाळणार कशी? अंधारात ८० म्हणजे किती, हाच तर माझा पहिला प्रश्न होता.

टेक्सासचा धनगर

गोठ्याभोवती ८० यार्डांवर स्टीलच्या खुंट्या ठोकतोय. वर परावर्तक पट्टी, लाल दिव्यात चमकते. खुंटीच्या आत असेल तरच. खुंट्यांच्या मधल्या जागेसाठी लेझर रेंजफाइंडर आहेच. झिरो ७५ वर. एवढ्या अंतरात मॅग्नम आणि एचएमआरच्या मार्गात इंचभराचाही फरक पडत नाही, मग मी जड गोळी का नको घेऊ?

सतरावाला

खुंट्या खरंच ठोकणार असाल तर माझा आक्षेप मागे. खुंट्या नसतील तर कायम.

अण्णा ह्यूस्टनकर

माझा नाही. कायोटी समोरून येत असेल, छाती उघडी नसेल, तर मॅग्नमनं थांबावं लागेल आणि .२२३ नं नाही. करडू उचलायला आलेलं जनावर आडवं उभं राहून फोटो देत नाही. बाकी तुमचं रान, तुमचा शेजारी.

टेक्सासचा धनगर

थांबेन. आडवा होईपर्यंत थांबेन, नाही झाला तर ओरडून हाकलेन. ताई, दुसऱ्या पिरेनीजसाठी फ्रेडरिक्सबर्गजवळ एकानं पिल्लं काढलीत असं कळलंय. कळपात जन्मलेली हवीत ना, की घरात वाढलेली चालतील?

रानवेडी

कळपातलीच. आणि आई-बाप काम करताना बघून मगच पैसे द्या.